थोरात सरांचं हसणं

आमच्या कॉलेजात नवीन माणूस रुजू झाला की त्याला काही गोष्टी आधीच सांगून ठेवायची पद्धत होती. नळाला पाणी दुपारनंतर येतं. प्राचार्यांच्या खोलीत पंख्याच्या बरोबर खाली बसू नये. आणि थोरात सरांना विनोद सांगायला जाऊ नये, ते हसत नाहीत. पंखा पुढं दुरुस्त झाला.

कॉलेज आष्ट्याच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात होतं. नाव सांगत नाही. संस्थेतल्या मंडळींच्या नातवंडांच्या लग्नपत्रिका मला अजून येतात आणि त्यांच्याकडं जेवण चांगलं असतं. मी तिथं ग्रंथपाल होते. मूळची मलकापूरची, माहेरचीही माने आणि सासरचीही माने, त्यामुळं आयुष्यभर माने बाई. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. पुस्तकात पान दुमडून ठेवणाऱ्या माणसाशी गोड कसं बोलायचं हे मला कुणी शिकवलं नाही, एवढंच.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या साली थोरात सर आले. तर्कशास्त्र शिकवायला. उंच, सडसडीत, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, तोंडात कायम लवंग. आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मला रोज दुसऱ्या तासानंतर थोडं झोपायचं असतं. आपल्याकडं जागा मिळेल का?"

ग्रंथालयात झोपणारे मी पुष्कळ पाहिले होते. परवानगी मागणारा हा पहिलाच. मी म्हटलं, रात्री झोपत नाही का? ते म्हणाले, झोपतो, पण दिवसाही येते, तिला वेळकाळ कळत नाही. इतक्या सरळ उत्तरावर चिडताही येईना. जुन्या मासिकांच्या कपाटामागं एक बाकडं होतं, ते त्यांना दिलं. पोरं तिकडं फिरकू नयेत म्हणून 'पुस्तक मोजणी चालू आहे' अशी पाटी अडकवली. पुढं कितीतरी वर्षं त्या कोपऱ्यात आमची मोजणी चालू होती आणि एकाही माणसानं विचारलं नाही की पुस्तकं भरली किती.

ते झोपायचेही विलक्षण. बाकड्यावर टेकले की झोपलेच. ना कूस बदलणं, ना जांभई. थोड्या वेळानं आपले आपण उठायचे, टवटवीत होऊन तोंडावर माठातलं पाणी मारायचे, नवी लवंग तोंडात टाकायचे आणि तिसऱ्या तासाला जायचे. घोरायचे मात्र नाहीत. तसं त्यांनी आधीच कबूल केलं होतं.

वर्गात ते कधी बसत नसत. फेऱ्या मारत शिकवायचे आणि एक हात सतत कशावर तरी असायचा, टेबलावर नाहीतर खिडकीच्या गजावर. शिकवणं सुरेख होतं, हे मी पोरांकडून ऐकलेलं सांगते. चुकीचं अनुमान कसं ओळखायचं ते समजावताना म्हणायचे, "गाढवाला चार पाय असतात. या टेबलाला चार पाय आहेत. म्हणून हे टेबल गाढव आहे. यात चूक कुणाची, टेबलाची का तुमची?" पोरं हसायची. सर लगेच पाठ फिरवायचे आणि फळ्याची चौकट घट्ट धरून उभे राहायचे. पोरांना वाटायचं, आपण हसलो म्हणून रागावले.

कधीकधी फळ्यावर लिहिता लिहिता त्यांचं अक्षर उताराला लागायचं. ओळ सरळ चाललेली असायची, मग वाकडी व्हायची, मग शब्दांचे नुसते वळवळते किडे होत खाली यायचे. हात चालूच. मग सर थबकायचे, फळ्याकडं तिऱ्हाइतासारखं बघायचे, "हे माझं नव्हे," म्हणून पुसून टाकायचे आणि पुन्हा वरून सुरू करायचे. पोरांनी याला मोडी लिपी असं नाव ठेवलं होतं.

स्टाफरूममध्ये मात्र त्यांचं कुणाशी जमलं नाही. आमचे व्यायामाचे सर गोष्टी रंगवून सांगण्यात पटाईत. त्यांनी "काय झालं माहितीय का" म्हटलं की सगळे खुर्च्या ओढून जवळ यायचे आणि थोरात सर उठायचे. "मला काम आहे," म्हणायचे आणि बाहेर जाऊन चिंचेच्या झाडाला हात लावून उभे राहायचे. झाडापाशी कसलं डोंबलाचं काम? माणूस शिष्ट आहे, खडूस आहे, साताऱ्याकडचा आहे, असे तीन निष्कर्ष निघाले. बाप पलटणीतला हवालदार, त्यामुळं घरातच हसायला बंदी असणार, असंही कुणी म्हणालं. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं. त्यावर कधी वाद घातला नाही, हे तर्कशास्त्राच्या माणसाला शोभणारं नव्हतं.

आता आबांविषयी सांगायला हवं. आबा पाटील हे संस्थेचे अध्यक्ष. बागाईत ऊस, दारात ट्रॅक्टर, आवाज असा की माईक नुसता शोभेला. त्यांच्याबद्दल एक गोष्ट अख्ख्या तालुक्याला ठाऊक होती, ती म्हणजे ते उजव्या हाताला बसलेल्याशीच बोलायचे. डावीकडच्या माणसाला हूं की चूं नाही, मान वळवून बघायचेसुद्धा नाहीत. त्यामुळं कुठल्याही सभेत त्यांच्या उजवीकडची खुर्ची मिळवायला झुंबड उडायची आणि ज्याला डावीकडं बसवलं तो समजून जायचा की आपलं आता काही खरं नाही. आमच्या प्राचार्यांना एका सभेत चुकून डावी खुर्ची आली, तर त्यांनी त्या रात्री बायकोला सामान आवरायला सांगितलं होतं.

थोरात सरांचं हे तिसरं वर्ष, आणि त्या जूनमध्ये ते कायम व्हायचे होते. तोवर तात्पुरते. आणि त्याआधीच्या स्नेहसंमेलनात ते घडलं.

आमचं मैदान आणि गवळ्याचा गोठा यांच्यात एक कुंपण होतं. मंडप कुंपणाला लागून घातलेला. व्यासपीठावर आबा भाषणाला उभे, शेजारी प्राचार्य, आणि मागं शाल-नारळ हातात घेऊन थोरात सर. आभार त्यांच्याकडं होते, कारण ते आभारात गंमत करणार नाहीत असा सगळ्यांचा विश्वास. आबा म्हणाले, शिक्षणाबिगर तरणोपाय न्हाई. डावीकडून, कुंपणापलीकडून, म्हैस ओरडली. आबा म्हणाले, ह्या भागातली पोरं फुडं गेली पायजेत. म्हैस ओरडली. पोरांनी तोंडात रुमाल कोंबले. प्राचार्यांना खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. आबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ते म्हणाले, "आता तुमीच सांगा, माजं बरुबर हाय का न्हाई?" आणि उत्तरासाठी थांबले. म्हैसही जरा थांबली. मग मनापासून ओरडली.

मी पहिल्या रांगेत होते. थोरात सरांचा चेहरा मला नीट दिसला. ओठांचे कोपरे वर गेले, पहिल्यांदाच, आणि तेवढ्यात सगळा चेहरा खाली ओघळला. मान पडली, मग गुडघे गेले, आणि सर नारळासकट आबांच्या पायांवर पालथे पडले.

आबांना वाटलं, साष्टांग नमस्कार. त्यांनी वाकून डोक्यावर हात ठेवला, "असू द्या, असू द्या, औक्षवंत व्हा," म्हणाले. मंडपानं टाळ्या वाजवल्या. पण साष्टांग नमस्काराला इतका वेळ लागत नाही. सर उठेनात, तेव्हा धावाधाव झाली. आमचा शिपाई सखाराम कांदा फोडून घेऊन आला आणि सरांच्या नाकाशी धरला. व्यायामाच्या सरांनी पायातली चप्पल काढून हुंगवली. आपल्याकडं पडलेल्या माणसाला कांदा नाहीतर चप्पल, तिसरा विचार कुणाला सुचत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "प्यालाय मास्तर." सखाराम तोंडाशी वाकला आणि म्हणाला की लवंगेचा वास येतोय. झालं. दारूचा वास मारायलाच तर लवंग खातात. मग दिवसाढवळ्या ग्रंथालयात झोपणं, फळ्यावरची मोडी लिपी, भिंतीला धरून चालणं, सगळं एका माळेत ओवलं गेलं, तेही सर अजून फळीवर पडलेले असताना.

थोड्या वेळानं सर उठले. गुडघ्यावरची धूळ झटकली आणि माईकपाशी जाऊन आभार मानले. एकही नाव गाळलं नाही. शेवटी म्हणाले, "कांद्याबद्दल सखारामचे आणि चपलेबद्दल व्यायामाच्या सरांचे आभार." मंडप हसला. त्यांनी माईकचा दांडा घट्ट धरला.

मला मात्र ते खटकलं. डोळे मिटलेला, निपचित पडलेला माणूस, त्याला चप्पल कुणाची होती हे कसं कळलं?

आठवड्याभरात चौकशी समिती नेमल्याचं पत्र निघालं, बैठक दुसऱ्याच दिवशी. आरोप होता, मद्यप्राशन करून अध्यक्षांच्या अंगावर पडणे. त्या संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. गवळ्याच्याच चाळीत दोन खोल्या होत्या. त्यांच्या पत्नी लीलावहिनी, गोल चेहऱ्याच्या, बोलक्या. त्यांनी चहा टाकला. मी आडवळणं घेणारी बाई नाही. सरळ विचारलं, तुम्हाला चप्पल कशी दिसली?

सर म्हणाले, "दिसली नाही. ऐकली. माझं अंग जातं बाई, मी जात नाही. हात हलत नाही, जीभ हलत नाही, पापणी उचलत नाही. कान मात्र चालू असतात. माझ्याभोवती उभं राहून कोण काय बोलतं ते मी आजवर सगळं ऐकत आलोय."

मग त्यांनी सांगितलं. हे सोळा-सतराव्या वर्षापासूनचं. दिवसा झोपेचे झटके, आणि हसू आलं की अंगातली ताकद निघून जाणं. राग आला, दुःख झालं तर काही होत नाही, फक्त हसू आलं की. वडिलांनी भरतीला नेलं होतं. छाती मोजायच्या रांगेत सगळी पोरं लंगोटावर उभी, मागचा एकजण काहीतरी बोलला आणि हे कोसळले. बाहेर हवालदार थोरातांना सांगण्यात आलं की मुलगा सुईला बघून चक्कर येऊन पडला. "वडिलांनी त्यानंतर माझ्याशी कधी थट्टा केली नाही," सर म्हणाले. "आधीही करत नव्हते, पण आधी मला आशा होती."

बरीच वर्षं देवऋषी, अंगारे, जागरणं झाली. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरनं ओळखलं. मेंदूतलीच काहीतरी गडबड आहे म्हणाला, वेड नव्हे, फेफरं नव्हे. इंग्रजीत लांबलचक नाव लिहून दिलं आणि सांगितलं, बरं होणार नाही, सांभाळून राहा. तेव्हापासून सर सांभाळून राहत होते. हात कशाला तरी धरलेला. सायकल नाही. गप्पांचा फड जमला की उठून जायचं.

मी भडकले. म्हटलं, मग सांगत का नाही? इतकी वर्षं लोक शिष्ट म्हणतायत, खडूस म्हणतायत! सर म्हणाले, सांगितलं तर लोक फेफरंच म्हणणार, आणि फेफरंवाल्या मास्तरला वर्गात कोण उभं करील? खडूस माणसाचा पगार निदान चालू राहतो.

"आणि घरात?" मी विचारलं. "घरात पण हसायचं नाही?"

लीलावहिनी म्हणाल्या, "घरात हसतात की. दिवसभराचं सगळं मी साठवून ठेवते. रात्री जेवणं झाली की आधी त्यांना आडवं व्हायला लावते, उशी देते, आणि मग सांगते."

मी चहाची बशी खाली ठेवली. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं आणि भरून आलं की मी जास्तच रागावते. मी सरांना सांगितलं, उद्या त्या समितीपुढं हे सगळं बोला, नाहीतर मी बोलते. सरांनी नवी लवंग तोंडात टाकली. मग म्हणाले की खडूस परवडत होता, दारुडा परवडणार नाही, तेव्हा आता सांगायलाच हवं.

चौकशी ग्रंथालयात झाली, कारण कॉलेजातलं सगळ्यांत मोठं टेबल माझ्याकडं होतं. समितीत आबा, प्राचार्य आणि सांगलीचे एक वकील. प्राचार्यांनी उजवीकडची खुर्ची आधीच पटकावली होती. कामकाज लिहून घ्यायला हेडक्लार्क जोशी. जोशींचं मराठी असं की घरी चहा मागतानाही ते 'चहा मिळणेस विनंती' म्हणत असावेत. सर टेबलाच्या टोकाला उभे होते आणि मी माझ्या जागेवर, कारण ग्रंथालय सोडून जा असं मला सांगायची कुणाची हिंमत नव्हती.

सरांनी सगळं सांगितलं, पडल्यावरही ऐकू येतं हेसुद्धा, आणि मिरजेच्या डॉक्टरचा दाखला दिला. वकिलांनी वाचला, प्राचार्यांनी वाचला, आबांनी उलटा करून पाठीमागं काही आहे का ते पाहिलं. हसल्यावर पडायचा रोग कुणी ऐकला नव्हता. वकील म्हणाले, दाखले काय, कुणीही आणतो. पडलेला माणूस मात्र हजारभर लोकांनी पाहिलाय.

सर म्हणाले, "दारुडे पडतात. थोरात पडतो. म्हणून थोरात दारुडा. असं अनुमान पहिल्या वर्षाच्या पोरानं पेपरात लिहिलं तर मी शून्य देतो."

"कोर्टात चालतं," वकील म्हणाले.

आबा मघापासून सरांकडं निरखून बघत होते. ते म्हणाले, "मास्तर, वाद कशाला? हसून दाखवा. पडला तर खरं."

सर म्हणाले, हुकमानं हसू येत नाही. आणि इतकी वर्षं दाबून दाबून आता तर सहजही येत नाही.

"मग आमी हसवतो," आबा म्हणाले.

आणि समिती सरांना हसवायला बसली. चेष्टा नव्हे, अगदी गंभीरपणानं. एका माणसाची नोकरी त्यावर होती आणि हे तिघांनाही कळत होतं. आधी प्राचार्यांनी एक इंग्रजी विनोद सुरू केला, त्याचा शेवट त्यांना आठवेना, तेव्हा त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. सर उभेच. मग वकिलांनी एका न्यायाधीशाचा किस्सा सांगितला. कुणीच हसलं नाही म्हणून त्यांनी कायद्याचं कलम समजावून सांगितलं. सर उभेच. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, हा माणूस आयुष्यभर हसू दाबण्यात तरबेज झाला आणि आज नेमका त्याच कसबापायी मरणार.

आबा घसा खाकरून म्हणाले, "बाई, तुमी जरा भाईर जावा." मी बाहेर गेले नाही, मासिकांच्या कपाटामागं गेले. आबांची गोष्ट एका जावयाची होती आणि मी ती मलकापुरात लहानपणीच चोरून ऐकलेली होती. तीही संपली. सरांचा आवाज आला, हताश, "माफ करा आबा. चांगली होती."

वकिलांनी कागद आवरायला घेतले. म्हणाले, झालेलं कामकाज वाचून दाखवा आणि संपवा. जोशी उठून उभे राहिले, चष्मा सावरला आणि वाचू लागले.

"मा. प्राचार्यांनी विनोद सादर केला. सदर विनोद अपूर्ण राहिल्याने पुनश्च सादर करणेत आला. संबंधितांस हसू आले नाही. मा. वकीलसाहेबांनी विनोद सादर केला व तद्नंतर कलमासह स्पष्ट केला. संबंधितांस हसू आले नाही. मा. अध्यक्षांनी विनोद सादर केला, तो नोंदीयोग्य नसल्याने नोंदविलेला नाही. संबंधितांस हसू आले नाही. माने बाई कपाटामागे असून त्यांसही हसू आले नाही."

मी कपाटाआडून डोकावले. सरांच्या ओठांचे कोपरे थरथरत होते. जोशी पुढं वाचतच होते, "सबब विनोद संपल्याने..." आणि सर गेले. हनुवटी छातीवर, हात टेबलावरून निसटला, गुडघे दुमडले आणि माझ्या फरशीवर ते आडवे झाले.

दार ढकलून सखाराम आत आला. हातात कांदा होता, त्यानं तो सकाळपासूनच जवळ ठेवला असावा. आबा म्हणाले, "ठेव त्यो कांदा." मग ते खुर्चीवरून उठले, गुडघ्यावर हात देऊन सावकाश खाली बसले. सत्तरीला टेकलेले आबा फरशीवर मांडी घालून बसलेले मी तेव्हाच पाहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमाला ऐकू येतंय न्हवं? तसं तुमीच सांगितलासा. आता माजं ऐका. मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. ल्हानपणापास्नं. कुणाला बोललो न्हाई. भैरा पाटील म्हनून कोन मोजतंय? लोकांस्नी वाटतंय, आबा डावीकडच्याला किंमत देत न्हाई. वाटू द्या म्हनलं." त्यांनी सरांचा मुडपलेला हात सरळ केला. "त्या दिवशी मंडपात लोक कशापायी हसत हुती, मला कळलंच न्हाई. घरला गेल्यावर नातवानं सांगितलं, म्हस हुती म्हनून."

प्राचार्य आपल्या उजवीकडच्या खुर्चीकडं बघत राहिले. जोशींची लेखणी हवेत थांबली होती. ते चाचरत म्हणाले, "आबा, हे नोंदवू का?"

आबांनी डावा कान एकदा चोळला. मग म्हणाले, "ल्ही."

सरांचे डोळे मिटलेलेच होते, पण कडेनं पाणी येत होतं. मला तेवढंच पुरे झालं. मी सखारामच्या हातातला कांदा घेतला आणि खिडकीतून फेकून दिला.

जूनमध्ये सर कायम झाले. तेव्हापासून दर वर्षी पहिल्या तासाला ते वर्गापुढं उभे राहायचे आणि हजेरी घेण्याच्या स्वरात सांगायचे, "मला हसू आलं की मी पडतो. पडलो तर पाणी मारू नये, कांदा हुंगवू नये, चप्पल तर मुळीच नको. डोकं आपटलं नाही ना एवढं पाहावं आणि थांबावं. मला ऐकू येत असतं, तेव्हा माझ्याविषयी जे बोलायचं ते नंतर बोलावं. आणि तुमच्यापैकी कुणाचं असं काही असेल, बाहेरून न दिसणारं, तर मला येऊन सांगावं. मी कुणाला सांगणार नाही आणि हसणार तर नाहीच."

पोरं यायला लागली. चिंचेखाली उभं राहून कुजबुजत सांगायची. कुणाला फिट यायची, कुणाला फळा दिसायचा नाही पण चष्म्यापायी लग्न मोडेल म्हणून आई घेऊ देत नव्हती. जतकडची सुमन म्हणून एक मुलगी होती, वडिलांची मेंढरं. तोंडी विचारा, सगळं येतं. कागदावर मात्र अक्षरं जागा बदलतात म्हणायची, सगळे तिला आळशी म्हणायचे. सरांनी विद्यापीठाला लिहिलं की हिला पेपरात जास्त वेळ द्या. उत्तर आलं की उमेदवाराच्या डोळ्यांना दिसत असल्यास वाचता येते, सबब सवलत नाही. सरांनी परत लिहिलं, त्यात अनुमानातली चूक दाखवून दिली. त्याला उत्तरच आलं नाही. मग दोन वर्षं रोज दुपारी माझ्या कपाटामागं, त्या बाकड्यावर, सर सुमनला धडे मोठ्यानं वाचून दाखवायचे. मधेच झोपायचे. ती थांबायची, ते उठले की शेवटचं वाक्य त्यांना सांगायची. तिसऱ्या वेळेला ती पास झाली. पेढे तिनं मला दिले, सरांना दिले, विद्यापीठाला पाठवले नाहीत.

सत्तरचं दशक संपता संपता सर साताऱ्याकडच्या एका कॉलेजात गेले. वडील थकले होते. निरोप समारंभ त्यांनी नको म्हटला. मीही आग्रह केला नाही, मला समारंभात रडायला आवडत नाही.

त्यानंतर एकदाच भेट झाली. मी पुण्याला बहिणीकडं चालले होते. शिरवळला एसटी चहाला थांबली, उतरले, तर समोर सर आणि लीलावहिनी, दुसऱ्या गाडीची वाट बघत. सर पिकले होते, लवंग तीच. इकडचं तिकडचं बोलणं झालं. माझी गाडी सुटायला आली होती, आणि मला एक गोष्ट त्यांना सांगायचीच होती. मी म्हटलं, "सर, आपल्या आबांचं कळलं का? यंदाच्या संमेलनात..."

"थांबा, बाई," सर म्हणाले.

त्यांनी पिशवी लीलावहिनींकडं दिली. आजूबाजूला पाहिलं. लिंबाखाली जराशी स्वच्छ जागा होती, तिथं रुमाल अंथरला, खाली बसले, बुंध्याला पाठ टेकली, पाय लांब केले. वहिनींनी त्यांच्या मानेमागं पदराची घडी सरकवली. कंडक्टर घंटी वाजवत होता. येणारे-जाणारे बघत होते. माझ्यासाठी कुणी इतकी तयारी आजवर केलेली नाही.

"आता सांगा," सर म्हणाले.

मी सांगितलं. आबांनी आता डाव्या कानाला यंत्र बसवलंय, चारचौघात लावतात. यंदा भाषणाला उभे राहिले, शिक्षणाबिगर तरणोपाय न्हाई म्हणाले, आणि कुंपणामागून म्हैस ओरडली. आबा भाषण थांबवून सावकाश डावीकडं वळले, कुंपणाकडं बघितलं आणि माईकवरून म्हणाले, "व्हय. तुजं बी ऐकतोय आता."

सर हसले. आवाज करून, तोंड उघडून, मी पहिल्यांदाच पाहिलं. मग मान कलंडली, हात मांडीवरून घरंगळले. भोवती माणसं जमली. भज्याच्या गाडीवरचा पोऱ्या फोडलेला कांदा घेऊन धावत आला आणि विचारू लागला की बाई, आजोबांना काय झालं.

"काही नाही रं," मी म्हटलं. "हसतायत."